फलज्योतिषातील रोगविचार : आकस्मिक व दीर्घकालीन आजारांच्या संदर्भात एक चिकित्सक विवेचन

१. प्रस्तावना

आजार हा मानवी जीवनातील अटळ अनुभव आहे. शरीराला व्याधी का जडते, ती नेमकी याच माणसाला का जडते आणि ती केव्हा बरी होईल, हे तीन प्रश्न प्रत्येक रुग्णाच्या मनात निर्माण होतात. पहिल्या प्रश्नाचे उत्तर वैद्यकशास्त्र बऱ्याच अंशी देते. दुसऱ्या व तिसऱ्या प्रश्नांपाशी मात्र वैद्य अनेकदा अडखळतो. नेमक्या याच ठिकाणी फलज्योतिष पुढे येते. ‘तुम्हालाच का?’ याचे उत्तर ते जन्मपत्रिकेतून आणि ‘केव्हापर्यंत?’ याचे उत्तर ग्रहांच्या दशा व गोचर भ्रमणातून देते. भारतीय समाजात फलज्योतिषाचे जे स्थान आहे, ते मुख्यतः या दोन उत्तरांमुळे टिकून आहे, असे म्हणता येईल.

या विषयाकडे वळण्याचे कारण वैयक्तिक आहे, ते नमूद करणे प्रामाणिकपणाचे ठरेल. प्रस्तुत लेखकाचे थोरले काका निवृत्त मुख्याध्यापक होते. त्यांना अनेक वर्षांपासून मधुमेह होता. पायाच्या अंगठ्याला झालेली जखम चिघळली, तेव्हा डॉक्टरांनी तातडीने शस्त्रक्रिया सुचविली. घरी येणाऱ्या ज्योतिषीबुवांनी साडेसातीचा शेवटचा टप्पा चालू असल्याचे सांगून शनी राशीबाहेर जाईपर्यंत शरीराला शस्त्र लावू नये, असा सल्ला दिला. त्यांनी त्यासाठी एक पैसाही घेतला नाही. त्यांची काकांवर माया होती. पंचांग काढून शनीच्या राशिबदलाला चार महिने आहेत, हे काकांना मोजून सांगण्याचे काम प्रस्तुत लेखकाने केले. चार महिन्यांनी अंगठ्याचा प्रश्न उरला नव्हता. पाय गुडघ्याखाली काढावा लागला.

या घटनेत कोणी लबाड नव्हते आणि कोणी निरक्षरही नव्हते. म्हणूनच हा विषय केवळ ‘अंधश्रद्धा’ या एका शब्दाने निकालात काढता येत नाही. सुशिक्षित माणसाला पटेल अशी कोणती मांडणी फलज्योतिषाजवळ आहे, हे आधी समजून घेणे आणि मग तिची चिकित्सा करणे आवश्यक वाटते.

प्रस्तुत लेखाची उद्दिष्टे पुढीलप्रमाणे आहेत :
(१) आकस्मिक व दीर्घकालीन आजारांविषयी फलज्योतिषाची भूमिका स्पष्ट करणे.
(२) या भूमिकेमागील विचारपद्धतीचा शोध घेणे.
(३) गणित व प्रत्यक्ष परीक्षण यांच्या आधारे तिची तपासणी करणे.
(४) आयुर्वेदातील दैवविचाराशी तिची तुलना करून आजच्या व्यवहारासाठी काही निष्कर्ष मांडणे.

२. विषयाची व्याप्ती

परंपरेने ज्योतिषशास्त्राचे तीन स्कंध मानले आहेत : सिद्धांत, संहिता आणि होरा. सिद्धांत म्हणजे ग्रहगणित. संहितेत पर्जन्य, दुष्काळ, रोगराई अशा सामूहिक घटनांचा विचार येतो, तर होरा किंवा जातक या स्कंधात व्यक्तीच्या जन्मकुंडलीचा. शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी ‘भारतीय ज्योतिषशास्त्राचा प्राचीन आणि अर्वाचीन इतिहास’ (१८९६) या ग्रंथात या स्कंधांचा साक्षेपी परामर्श घेतला आहे. ग्रहगणित हा भारतीय बुद्धीचा गौरवास्पद वारसा आहे आणि त्याच्याविषयी येथे कोणताही वाद नाही. प्रस्तुत लेखाचा संबंध प्रामुख्याने होरा स्कंधातील रोगविचाराशी आहे.

‘आकस्मिक आजार’ या संज्ञेत अपघात, हृदयविकाराचा झटका, पक्षाघात, तीव्र ज्वर अशा अल्पावधीत जिवावर बेतणाऱ्या विकारांचा समावेश केला आहे. ‘दीर्घकालीन आजार’ म्हणजे मधुमेह, संधिवात, क्षय, दमा यांसारखे महिनोन्महिने किंवा आयुष्यभर सोबत करणारे विकार होत.

३. रोगविचाराची साधने

कुंडलीवरून आजार पाहताना ज्योतिषी सामान्यतः चार गोष्टी विचारात घेतो.

पहिली गोष्ट स्थानांची. लग्न म्हणजे प्रथम स्थान हे शरीराचे व प्रकृतीचे स्थान होय. षष्ठ स्थानावरून रोग, ऋण व रिपू, अष्टमावरून आयुष्य व मृत्यू, तर द्वादशावरून व्यय आणि शय्या यांचा विचार होतो. सहा, आठ व बारा या स्थानांना एकत्रितपणे त्रिक किंवा दुःस्थाने म्हणतात. द्वितीय व सप्तम ही मारक स्थाने मानली जातात.

दुसरी गोष्ट राशींची. वराहमिहिराच्या ‘बृहज्जातक’ या सहाव्या शतकातील ग्रंथाच्या आरंभीच कालपुरुषाची कल्पना आली आहे. मेष हे त्याचे मस्तक, वृषभ मुख, कर्क हृदय, सिंह उदर, वृश्चिक गुह्येंद्रिय, मकर गुडघे आणि मीन पावले, अशा क्रमाने बारा राशींवर शरीर वाटून दिले आहे. जी रास पापग्रहांनी पीडित, त्या अवयवाला पीडा, असा साधा नियम यातून निघतो.

तिसरी गोष्ट ग्रहांच्या कारकत्वाची. बृहज्जातकानुसार शनी स्नायूंचा, सूर्य अस्थींचा, चंद्र रक्ताचा, बुध त्वचेचा, शुक्र वीर्याचा, गुरू वसेचा आणि मंगळ मज्जेचा अधिपती आहे. त्याचबरोबर ग्रहांना वात, पित्त, कफ हे दोषही वाटून दिले आहेत. सूर्य व मंगळ पित्तप्रधान, शनी वातप्रधान, गुरू कफप्रधान मानला जातो. आयुर्वेदाची परिभाषा ज्योतिषाने येथे आपलीशी केली आहे.

चौथी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट काळाची. वरील तीन साधने आजाराची शक्यता सांगतात, परंतु तो केव्हा होईल आणि किती काळ राहील हे दशा व गोचर यांवरून ठरते. विंशोत्तरी पद्धतीत मानवी आयुष्य १२० वर्षांचे कल्पून त्याची नऊ ग्रहांत वाटणी केली आहे : सूर्य ६, चंद्र १०, मंगळ ७, राहू १८, गुरू १६, शनी १९, बुध १७, केतू ७ आणि शुक्र २० वर्षे. गोचर म्हणजे ग्रहांचे चालू भ्रमण. याखेरीज, ज्या नक्षत्रावर आजार सुरू झाला त्यावरून तो किती दिवस टिकेल, हे सांगण्याची रीतही मुहूर्तग्रंथांत आढळते. म्हणजे नक्षत्र दिवसांचा, गोचर महिन्यांचा व वर्षांचा आणि दशा अनेक वर्षांच्या कालखंडाचा हिशेब देते.

रोगांच्या वर्गीकरणातही ज्योतिषग्रंथांनी बारकावा दाखविला आहे. मंत्रेश्वराच्या ‘फलदीपिके’त रोगचिंतनाचा स्वतंत्र विचार आहे. केरळात १६४९ मध्ये रचल्या गेलेल्या ‘प्रश्नमार्ग’ या ग्रंथात रोगांचे निज व आगंतुक असे दोन वर्ग सांगितले असून निज रोगांचे शरीरोत्थ व चित्तोत्थ, तर आगंतुक रोगांचे दृष्टनिमित्तज व अदृष्टनिमित्तज असे उपप्रकार केले आहेत. निज व आगंतुक या संज्ञा मुळात आयुर्वेदाच्या होत.

४. आकस्मिक आजारांची ज्योतिषीय उपपत्ती

आकस्मिक आजारांचे कारकत्व प्रामुख्याने मंगळ, राहू व केतू यांच्याकडे दिले जाते. मंगळ हा अग्नितत्त्वाचा, रक्तवर्णाचा आणि शस्त्राशी निगडित ग्रह होय. त्यामुळे अपघात, रक्तस्राव, भाजणे, शस्त्रक्रिया, तीव्र ज्वर व दाहयुक्त विकार त्याच्याकडे सोपविले जातात. राहू व केतू हे दृश्य ग्रह नसून चंद्राच्या कक्षेचे छेदनबिंदू आहेत. त्यांचे स्वरूप अदृश्य असल्यामुळे विषबाधा आणि निदान न होणारे विकार यांचा संबंध त्यांच्याशी जोडला जातो. अष्टम स्थानाशी या ग्रहांचा योग झाल्यास आकस्मिक संकट संभवते, अशी मांडणी आहे.

आधुनिक काळात मराठी ज्योतिषांनी या यादीत हर्षलची भर घातली. हा ग्रह विल्यम हर्शेल यांनी १७८१ मध्ये दुर्बिणीतून शोधला. प्राचीन ग्रंथकारांना तो अज्ञात होता. आज मात्र अनपेक्षित घटनांचे कारकत्व हर्षलकडे दिले जाते. १७८१ पूर्वीही माणसे अकस्मात आजारी पडतच होती आणि त्यांची उपपत्ती मंगळ व राहू यांवरून लावली जात होती. नव्या ग्रहाला जुन्या रोगांतील वाटा मिळाला, परंतु त्यासाठी रोगांचे कोणतेही नवे निरीक्षण आवश्यक ठरले नाही, ही बाब विचारात घेण्याजोगी आहे.

५. दीर्घकालीन आजारांची ज्योतिषीय उपपत्ती

दीर्घकालीन आजारांचा मुख्य कारक शनी होय. संस्कृतातील ‘शनैश्चर’ या नावाचाच अर्थ हळू चालणारा असा आहे. शनीला सूर्याभोवती एक प्रदक्षिणा घालण्यास सुमारे साडेएकोणतीस वर्षे लागतात, म्हणून तो एका राशीत सुमारे अडीच वर्षे राहतो. जन्मराशीच्या मागील, जन्मराशीतील आणि पुढील राशीतून होणारा त्याचा प्रवास म्हणजे साडेसाती. संधिवात, पक्षाघातानंतरचे पंगुत्व, जुनाट वातविकार व क्षय यांची सांगड शनीशी घातली जाते. याउलट चंद्र एका राशीत सुमारे सव्वादोन दिवस असतो, म्हणून त्याच्यामुळे होणारे विकार येतात आणि जातात, असे मानतात.

येथे या विचारपद्धतीचे मर्म स्पष्ट होते. मंद ग्रह म्हणून मंद रोग, तांबडा ग्रह म्हणून रक्ताचा रोग, अदृश्य बिंदू म्हणून अदृश्य कारणाचा रोग. हा साधर्म्यावर आधारलेला तर्क आहे. साधर्म्य ही काव्यातील मोठी शक्ती आहे आणि स्मरणासाठीही ते उपयुक्त असते. परंतु दोन गोष्टींत साम्य आहे म्हणून त्यांपैकी एक दुसरीचे कारण ठरत नाही. आजाराचा वेग आणि ग्रहाचा वेग यांत केवळ ‘वेग’ हा शब्द समान आहे.

६. पाश्चात्त्य परंपरेतील समांतर विचार

हा विचार केवळ भारतीय नाही. दुसऱ्या शतकात टॉलेमीने ‘टेट्राबिब्लॉस’ या ग्रंथात एकदाच घडून मागे व्यंग ठेवणारी इजा आणि सतत किंवा वारंवार त्रास देणारा रोग असा भेद करून दोहोंचा ग्रहयोगांशी संबंध जोडला. त्याच शतकातील गेलेन या वैद्याने तीव्र आजारातील निर्णायक दिवसांची सांगड चंद्राच्या गतीशी घातली. पुढे मध्ययुगीन युरोपात तीव्र आजार चंद्राचे व दीर्घ आजार सूर्याचे, असे सूत्र रूढ झाले. रुग्णाने अंथरूण धरले त्या क्षणाची कुंडली मांडण्याची पद्धतही तेथे होती. ती आपल्याकडील रोगारंभाच्या नक्षत्राशी बरीच मिळतीजुळती आहे. प्लेगच्या महासाथीत, १३४८ मध्ये, पॅरिस विद्यापीठाच्या वैद्यक विद्याशाखेने आपल्या अहवालात १३४५ च्या मार्च महिन्यातील कुंभ राशीतील शनी, गुरू व मंगळ यांच्या युतीला साथीचे कारण ठरविले होते. ‘इन्फ्लुएन्झा’ हे रोगाचे नावदेखील ‘प्रभाव’ या अर्थाच्या इटालियन शब्दावरून आले असून त्यामागे ताऱ्यांच्या प्रभावाची कल्पना आहे.

या तुलनेतून एक प्रश्न उभा राहतो. दीर्घ आजार एका परंपरेत शनीकडे आणि दुसरीत सूर्याकडे जातो. शिवाय पाश्चात्त्य ज्योतिष सायन राशी मानते व भारतीय ज्योतिष निरयन. दोहोंत आज सुमारे २४ अंशांचे अंतर आहे. त्यामुळे एकाच क्षणी शनी एका पद्धतीनुसार एका राशीत, तर दुसरीनुसार बहुतेक वेळा पुढील राशीत असतो. रुग्ण तोच, आकाश तेच, परंतु निष्कर्ष मात्र पद्धतीगणिक बदलतो.

७. काळाचे गणित

‘साडेसातीतच काकांचा आजार बळावला, हे तुम्ही डोळ्यांनी पाहिले ना?’ हा प्रश्न प्रस्तुत लेखकाला अनेकदा विचारला गेला आहे. तो रास्त आहे. त्याचे उत्तर गणितात सापडते.

बारा चंद्रराशींपैकी तीन राशींना कोणत्याही दिवशी साडेसाती चालू असते. चंद्र सर्व राशींतून जवळपास सारख्याच वेळात जात असल्यामुळे, साधारणपणे दर चार माणसांतील एक जण सदैव साडेसातीत असतो. अनिष्ट समजला जाणारा चौथा व आठवा शनी यांत मिळविला, तर बारापैकी पाच राशी, म्हणजे सुमारे ४२ टक्के लोक शनीच्या पीडेखाली येतात. शनीचा कोणताही परिणाम होत नसला, तरी कोणत्याही रुग्णालयात इतके रुग्ण ‘शनीपीडित’ आढळणारच.

आता आजाराचा कालावधी विचारात घेऊ. साडेएकोणतीस वर्षांच्या चक्रात साडेसात वर्षे साडेसातीची व उरलेली २२ वर्षे मोकळी असतात. एका दिवसाच्या आजाराची साडेसातीशी गाठ पडण्याची शक्यता सुमारे २५ टक्के आहे. पाच वर्षे चालणाऱ्या आजाराची साडेसातीशी कोठे तरी गाठ पडण्याची शक्यता ४२ टक्के होते, दहा वर्षांच्या आजाराची ५९ टक्के होते, आणि २२ वर्षांहून अधिक काळ चालणाऱ्या आजाराला साडेसाती चुकूच शकत नाही. आजार जितका दीर्घ, तितका तो शनीला भेटण्याचा संभव अधिक. दीर्घकालीन आजार व शनी यांचा पिढ्यान्‌पिढ्या ‘अनुभवास आलेला’ संबंध असा केवळ कालावधीच्या हिशेबातून निर्माण होऊ शकतो.

आकस्मिक आजारांची गोष्टही वेगळी नाही. मंगळ ज्या स्थानी असतो ते स्थान आणि तेथून चौथे, सातवे व आठवे अशा चार स्थानांवर त्याचा प्रभाव मानला जातो. म्हणजे एकट्या लग्नाशी त्याचा संबंध एकतृतीयांश काळ असतो. लग्नाच्या जोडीला चंद्ररास, षष्ठ व अष्टम स्थान, त्यांचे स्वामी, राहू, केतू, दशा व अंतर्दशा हे सर्व विचारात घेतले, की घटना घडून गेल्यावर तिचे एखादे तरी कारण कुंडलीत सापडत नाही, असे सहसा होत नाही. जे स्पष्टीकरण प्रत्येक प्रसंगी उपलब्ध असते, ते कोणत्याच प्रसंगाविषयी विशेष काही सांगत नाही.

८. प्रत्यक्ष परीक्षणे

महाराष्ट्रात या संदर्भात एक महत्त्वाचे परीक्षण झाले. डॉ. जयंत नारळीकर, सुधाकर कुंटे, डॉ. नरेंद्र दाभोलकर व प्रकाश घाटपांडे यांनी २००८ मध्ये पुण्यात एक चाचणी योजली. तिचा अहवाल २००९ मध्ये ‘करंट सायन्स’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाला. शंभर हुशार व शंभर मतिमंद मुलांच्या अशा दोनशे कुंडल्या जमविण्यात आल्या. चाचणीत भाग घेणाऱ्या ज्योतिषांना प्रत्येकी ४० कुंडल्या देऊन कोणती कुंडली कोणत्या गटातील, हे सांगण्यास सुचविले होते. ज्या २७ ज्योतिषांनी उत्तरे पाठविली, त्यांच्या यशाचे सरासरी प्रमाण ४६ टक्के भरले. नाणेफेक करूनही सुमारे ५० टक्के उत्तरे बरोबर येतात. मतिमंदत्व ही जन्मापासूनची व आयुष्यभराची अवस्था असल्यामुळे दीर्घकालीन व्याधींच्या चर्चेत हे परीक्षण विशेष समर्पक ठरते.

दुसरे उदाहरण कॅनडातील ऑन्टॅरिओ प्रांतातील आहे. तेथील एक कोटीहून अधिक रहिवाशांच्या रुग्णालयीन नोंदी व सूर्यराशी यांचा अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. सिंह राशीच्या लोकांत पचनमार्गातील रक्तस्रावाचे व धनू राशीच्या लोकांत दंडाचे हाड मोडण्याचे प्रमाण अधिक असल्याचे प्रथम दिसले. परंतु संशोधकांनीच दाखवून दिले, की शेकडो रोग व बारा राशी यांच्या हजारो जोड्या तपासल्या, तर त्यांतील काही जोड्या निव्वळ योगायोगाने जुळणारच. या बाबीची संख्याशास्त्रीय भरपाई करताच सर्व संबंध नाहीसे झाले. हा अभ्यास पाश्चात्त्य सूर्यराशींपुरता मर्यादित होता, हे मान्य केले पाहिजे. तथापि त्यातून मिळणारा धडा सर्वच पद्धतींना लागू पडतो.

इतिहासानेही एक परीक्षण करून ठेवले आहे. ज्वर आणि सर्वांगावर फोड आणणारा देवीचा रोग मंगळाच्या कारकत्वात चपखल बसणारा होता. लसीकरणामुळे १९७५ नंतर भारतात देवीचा रुग्ण आढळला नाही आणि १९८० मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जगातून या रोगाचे उच्चाटन झाल्याचे जाहीर केले. मंगळाचे भ्रमण पूर्वीप्रमाणेच चालू आहे. देवी मात्र गेली.

९. आयुर्वेदातील दैवविचार

‘फलज्योतिष नाकारणे म्हणजे आपली परंपरा नाकारणे होय’ असा आक्षेप येथे घेतला जाऊ शकतो. म्हणून आयुर्वेदाची भूमिका पाहणे अगत्याचे आहे.

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसरा अध्याय जनपदोद्ध्वंसाचा, म्हणजे साथीच्या रोगांचा आहे. कांपिल्य नगराजवळ गंगातीरी आत्रेय मुनी शिष्याशी बोलत आहेत. नक्षत्रे, ग्रह, चंद्र, सूर्य यांच्या ठिकाणी विकृती दिसू लागल्याचे ते सांगतात. येथवर ज्योतिषालाही हेच अभिप्रेत आहे. परंतु आत्रेयांचे पुढचे सांगणे वेगळे आहे. औषधी वनस्पतींचे गुण नष्ट होण्यापूर्वी त्या गोळा करून ठेवा, असे ते सांगतात. प्रकृती, आहार व वय भिन्न असलेली माणसे एकाच रोगाने एकाच वेळी का मरतात, या अग्निवेशाच्या प्रश्नावर त्यांचे उत्तर वायू, उदक, देश व काळ या सर्वांना समान असणाऱ्या घटकांकडे बोट दाखविते.

याच अध्यायात आयुष्य नियत आहे की अनियत, याची चर्चा आहे. पूर्वजन्मीचे कर्म ते दैव व या जन्मीचा प्रयत्न तो पुरुषकार. दुर्बल दैवावर बलवान पुरुषकार मात करतो, असे चरक मानतो. आयुष्य सर्वस्वी ठरलेले असते, तर औषधेच नव्हेत, तर मंत्र व शांतिकर्मेही व्यर्थ ठरली असती, असा त्याचा युक्तिवाद आहे. गाडीचा कणा नीट वापरला तर पूर्ण काळ टिकतो आणि अतिभाराने अवेळी मोडतो, हा त्याचा दृष्टांत आकस्मिक मृत्यूची उपपत्ती आकाशाचा आधार न घेता लावतो.

दीर्घकालीन आजारांसाठी आयुर्वेदाने ‘याप्य’ ही मोलाची संज्ञा दिली आहे. जो रोग समूळ जात नाही, परंतु योग्य उपचार व पथ्य यांनी आटोक्यात राहतो, तो याप्य. सुश्रुतसंहितेत कोसळू पाहणाऱ्या घराला दिलेल्या टेकूची उपमा यासाठी आली आहे. आजच्या मधुमेहाला ही संज्ञा तंतोतंत लागू पडते. याप्य रोग काळ संपला म्हणून जात नसतो. टेकू काढला तर घर पडते.

चौदाव्या शतकाच्या अखेरीस ग्वाल्हेरच्या तोमर घराण्यातील वीरसिंहाने रचलेल्या ‘वीरसिंहावलोक’ या ग्रंथात रोगांचा कर्मविपाक, ज्योतिष व आयुर्वेद अशा तिन्ही अंगांनी विचार केला आहे. ग्रहयोग सांगितला म्हणून औषध वगळलेले नाही. यावरून असे दिसते, की आकाशातील चिन्ह हे या परंपरेत तयारीला लागण्याची सूचना होते. ते थांबण्याचे कारण झाले, ही विकृती होय.

१०. आजच्या व्यवहारातील प्रश्न

ग्रहविचारामुळे रुग्णाला काही मिळत नाही, असे म्हणणे अन्यायाचे होईल. ‘यात तुझा दोष नाही’ असा दिलासा त्याला मिळतो. अनिश्चित काळाला एक शेवटची तारीख मिळते. जप, पूजा, शनिवारचे मारुतिदर्शन यांमुळे हताश कुटुंबाला करण्याजोगे काही तरी मिळते. दवाखान्यातील घाईत हे सारे बहुधा मिळत नाही. उपचारांच्या जोडीने हे चालत असेल, तर त्यावर आक्षेप घेण्याचे कारण नाही.

प्रश्न निर्माण होतो तो दोन कालगणनांची गल्लत झाल्यावर. मेंदूतील रक्तवाहिनीत गुठळी अडकून पक्षाघात झाल्यास ती विरघळविणारे औषध साधारणपणे पहिल्या साडेचार तासांत द्यावे लागते. सर्पदंशात प्रतिविष जितके लवकर मिळेल तितके चांगले. औषधांना दाद देणाऱ्या क्षयरोगाचा सामान्य उपचार सहा महिन्यांचा असतो. तो मध्येच सोडल्यास औषधांना न जुमानणारा क्षय उद्भवण्याचा धोका असतो. मधुमेहीच्या पायाच्या जखमेत आठवड्यांना महत्त्व असते. या कालमर्यादा शरीरात ठरतात. अडीच वर्षांचे राशिभ्रमण किंवा १९ वर्षांची महादशा यांच्याशी त्यांचा काहीही मेळ नाही. आकस्मिक आजारात मुहूर्त पाहणे आणि दीर्घ आजारात दशा संपण्याची वाट पाहणे, ही एकाच चुकीची दोन रूपे होत.

कायद्याने या क्षेत्राला काही प्रमाणात स्पर्श केला आहे. १९५४ च्या औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) अधिनियमानुसार मधुमेह, कर्करोग, अपस्मार इत्यादी विकारांवर ताईत, मंत्र, कवच यांसारख्या उपायांची जाहिरात करता येत नाही. महाराष्ट्रातील २०१३ च्या जादूटोणाविरोधी अधिनियमाच्या अनुसूचीत साप, विंचू किंवा कुत्रा चावल्यास रुग्णाला वैद्यकीय उपचारांपासून रोखणे समाविष्ट आहे. तथापि घरातील मायेच्या माणसाने दिलेल्या सल्ल्यापर्यंत कायदा पोहोचत नाही. तेथे शिक्षणच पोहोचू शकते.

या दृष्टीने महाविद्यालयीन प्राध्यापकांची जबाबदारी मोठी आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाने २००१ मध्ये ‘ज्योतिर्विज्ञान’ अभ्यासक्रमाची योजना आखली, तेव्हा तीव्र मतभेद झाले आणि २००४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्या योजनेविरुद्धची याचिका फेटाळली. अभ्यासक्रम असावा की नसावा, हा वाद बाजूला ठेवला, तरी एक गोष्ट सर्वांना करता येण्याजोगी आहे. संस्कृतच्या वर्गात चरकाचा पुरुषकार शिकविता येईल, संख्याशास्त्राच्या वर्गात साडेसातीचे वरील गणित सोडवून घेता येईल, आणि इतिहासाच्या वर्गात देवीच्या उच्चाटनाची कथा सांगता येईल. श्रद्धेची टिंगल न करता हे करता येते.

११. निष्कर्ष

(१) फलज्योतिषातील आकस्मिक व दीर्घकालीन आजारांची विभागणी ही ग्रहांचा वेग, वर्ण व स्वरूप यांच्या साधर्म्यावर उभी आहे. रोगांच्या कारणांवर ती आधारलेली नाही.

(२) शनी व दीर्घ आजार यांचा अनुभवास येणारा संबंध हा मुख्यतः दोन्हींच्या दीर्घ कालावधीचा गणिती परिणाम आहे.

(३) लेखात उल्लेखिलेल्या परीक्षणांत कुंडली किंवा रास यांवरून व्याधी सांगण्याचा दावा टिकलेला नाही.

(४) आयुर्वेदीय परंपरेने दैव मान्य करूनही प्रयत्नाला प्राधान्य दिले आहे. म्हणून उपचार लांबविण्यास परंपरेचा आधार घेता येत नाही.

(५) ग्रहविचारातून मिळणारा मानसिक आधार नाकारण्याचे कारण नाही. परंतु उपचारांची वेळ शरीराच्या अवस्थेवरूनच ठरली पाहिजे.

शनीचा राशिबदल पंचांगात दिलेल्या दिवशी अचूक झाला होता. गणितात कोणतीही चूक नव्हती. चूक होती ती त्या गणिताला विचारलेल्या प्रश्नात. ‘शनी केव्हा जाईल?’ असे न विचारता ‘ही जखम किती दिवस थांबू शकेल?’ असे त्या दिवशी प्रस्तुत लेखकाने विचारावयास हवे होते. हा प्रश्न वेळेवर विचारण्याची सवय आपल्या विद्यार्थ्यांना लागावी, एवढीच या लेखामागील अपेक्षा आहे.